बँकॉकच्या वाट महाथातला ध्यान शिकायला जायचंय? मग जायच्या आधी हे वाचा

बँकॉकला गेलेले आपले लोक ग्रँड पॅलेस बघतात, वाट फोमधला (थाईत वाट म्हणजे विहार) तो भलामोठा पहुडलेला बुद्ध बघतात, नदी ओलांडून वाट अरुणला फोटो काढतात आणि झालं, परत हॉटेल. पॅलेसपासून चालत दहा-एक मिनिटांवर वाट महाथात आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. आणि मला हे खरंच लागतं, कारण आज थायलंडमध्ये जी विपश्यना ठिकठिकाणी शिकवली जाते त्यातला एक मोठा प्रवाह याच विहारातून देशभर गेला, आणि तिथे अजूनही शिकवतात, परदेशी माणसाला इंग्रजीतून समजावून सांगतात, आणि त्याची फी नाही. दानपेटी असते, इच्छा असेल ते टाका.

माझं म्हणणं एवढंच आहे की इथे बघायला जाऊ नका, बसायला जा. अर्ध्या दिवसात तीन विहार उरकायच्या लिस्टमध्ये याला घुसवू नका. एक पूर्ण सत्र, सुरुवातीपासून शेवटच्या प्रश्नोत्तरापर्यंत थांबायचं, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी परत यायचं. तेवढी तयारी असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

नावाचा घोळ आधी समजून घ्या

थायलंडमध्ये वाट महाथात नावाचे विहार बरेच आहेत. महाथात म्हणजे महाधातू, बुद्धांच्या अस्थिधातूंचा विहार, त्यामुळे प्रत्येक जुन्या राजधानीत एक तरी असतोच. अयुथयाचा वाट महाथात तुम्ही फोटोत नक्की बघितला असेल, झाडाच्या मुळांमध्ये अडकलेलं बुद्धांचं शिर, तो. सुखोथाईला पण आहे. आणि ही दोन्ही गावं बँकॉकच्या बाहेर आहेत, अयुथया साधारण ऐंशी किलोमीटर आणि सुखोथाई तर चारशेच्या पुढे, म्हणजे मॅपवर नुसतं वाट महाथात टाकलं आणि पहिला रिझल्ट दाबला तर गाडी कुठे निघेल सांगता येत नाही. आपल्याला पाहिजे तो वाट महाथात युवरात्रंगसारित, फ्रा नखोन भागातला, सनाम लुआंग मैदानाला लागून, थम्मासात युनिव्हर्सिटीच्या शेजारचा. टॅक्सीवाल्याला सांगताना "थम्मासात, था फ्रा चान" असं म्हटलं की तो बरोबर आणतो.

थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की बसताना फरक पडतो

हा विहार बँकॉक राजधानी व्हायच्या आधीचा आहे, अयुथयाच्या काळातला, तेव्हा नाव होतं वाट सालाक. १७८२ मध्ये राजा राम पहिल्याने राजधानी नदीच्या या काठाला आणली, तेव्हा हा विहार ग्रँड पॅलेस आणि उपराजाचा वाडा यांच्या बरोबर मध्ये आला. राजाच्या धाकट्या भावाने, म्हणजे त्या उपराजानेच, त्याचा जीर्णोद्धार केला. त्यानंतर १७८८ मध्ये राजाने इथेच भिक्खू आणि पंडित एकत्र बसवले आणि त्रिपिटकाची, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांची, नवी शुद्ध प्रत तयार करून घेतली, कारण १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया जाळलं त्यात कितीतरी पोथ्या गेल्या होत्या. पुढे राजा झालेला मोंगकुट, राम चौथा, १८२४ मध्ये भिक्खू झाला तेव्हा काही काळ इथे राहिला. आणि १८८७ मध्ये राजा चुलालोंगकोर्नने भिक्खूंच्या शिक्षणासाठी इथे विद्यालय काढलं, तेच आजचं महाचुलालोंगकोर्न बौद्ध विद्यापीठ. त्याचा मुख्य कॅम्पस आता अयुथया प्रांतात वांग नोईला आहे पण मूळ इथलं.

ध्यानाचा भाग त्याच्या नंतरचा आहे आणि मला तोच सगळ्यात जास्त भिडतो. १९५० च्या आसपास इथले प्रमुख होते फ्रा फिमोनथम. ते ईशान्येकडच्या खोन केन भागातले, गरीब मुलखातले. त्यांना वाटायचं की भिक्खूंनी नुसतं पाली पाठ करून परीक्षा देऊन भागणार नाही, ध्यान पण शिकलं पाहिजे, आणि भिक्खूंनीच का, सामान्य बायामाणसांनी पण. म्हणून त्यांनी १९५२ मध्ये इथला एक विद्वान भिक्खू, फ्रा चोदोक, ब्रह्मदेशात महासी सयाडॉ या ध्यानगुरूंकडे पाठवला, ती पद्धत शिकून घेतली, ब्रह्मदेशातून शिक्षक पण बोलावले आणि विहाराची दारं लोकांसाठी उघडली. विचार करा, ज्या देशाच्या सैन्याने आपली राजधानी जाळली त्याच देशाकडे हे धम्म शिकायला गेले. लोक भरभरून आले. मग राजकारण आड आलं, लष्करी राजवट होती, फ्रा फिमोनथम यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप ठेवला, १९६२ मध्ये अटक केली, चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, उतरवायला लावलं, आणि १९६६ मध्ये लष्करी कोर्टानेच निर्दोष सोडलं. चार वर्षं तुरुंगात. पण त्यांनी लावलेली ध्यानाची पद्धत विहारात चालूच राहिली, आज तुम्हाला शिकवतात ती तीच.

पोचायचं कसं

सगळ्यात छान रस्ता नदीचा. बीटीएसने, म्हणजे पुलावरून जाणाऱ्या शहरातल्या ट्रेनने, सफान ताक्सिन स्टेशनला उतरा, खालीच साथोर्नचा धक्का आहे, तिथून चाओ फ्राया एक्सप्रेसची नारिंगी झेंड्याची बोट पकडा. निळ्या झेंड्याची टुरिस्ट बोट पण तिथूनच सुटते आणि तिकीट विकणारे तिच्याकडेच बोलावतात, ती महाग पडते, आपल्याला नारिंगी चालते. था चांग धक्क्याला उतरायचं, बाहेर आलं की महारात रोडवर डावीकडे वळायचं, नदी डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहायचं, थोड्या वेळात उजव्या हाताला विहाराची भिंत आणि दरवाजा लागतो. नदीपलीकडे सिरिराज हॉस्पिटलच्या बाजूला राहत असाल तर वांग लांगहून छोटी फेरी बोट था फ्रा चानला सोडते, ते अजून जवळ. मेट्रोचं सनाम चाई स्टेशन पण आहे, पण तिथून वाट फो आणि पूर्ण पॅलेस ओलांडून चालावं लागतं, अर्धा तास धरा, आणि बँकॉकच्या दुपारच्या उन्हात अर्धा तास म्हणजे पोचेपर्यंत शर्ट पिळून काढायची वेळ येते, मग बसल्या बसल्या झोप येणार.

एक गोष्ट या भागात कायम होते, पॅलेसच्या आसपास एखादा छान कपड्यातला माणूस हसत हसत येतो आणि सांगतो की आज विहार बंद आहे, सण आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो, आणि टुकटुक तयारच असते. हसून नाही म्हणा आणि चालत राहा. बंद आहे की नाही ते दरवाजापर्यंत जाऊन स्वतः बघायचं. मात्र सनाम लुआंगवर राजघराण्याचा काही कार्यक्रम असला तर रस्ते खरंच अडवतात आणि चेकिंग असतं, त्यामुळे पासपोर्ट किंवा त्याची कॉपी जवळ ठेवा.

कधी जायचं

सत्रं साधारण सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी असतात. वेळा मागेपुढे होतात म्हणून आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या थाई माणसाला फोन करून विचारायला लावा, ते आनंदाने करतात, दोन मिनिटांचं काम आहे. माझी पसंती सकाळच्या सत्राला. ऊन नसतं, डोकं ताजं असतं, आणि आवारात भिक्खूंची ये-जा चालू असते ती बघायला मिळते. अकरा-बाराच्या मध्ये जाऊन कुणा भिक्खूला शोधू नका, ते दुपारी बाराच्या आत जेवतात आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत घन आहार घेत नाहीत, म्हणजे ती त्यांची दिवसातल्या शेवटच्या जेवणाची वेळ असते.

तुम्हाला गर्दी आणि वंदनेचा माहोल अनुभवायचा असेल तर अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या हे उपोसथाचे, म्हणजे व्रताचे, दिवस बघून जा, त्याला तिकडे वान फ्रा म्हणतात. पांढरे कपडे घातलेल्या आज्या सकाळपासून येऊन बसलेल्या असतात. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे आपल्या बुद्ध जयंतीला, संध्याकाळी हातात मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळ घेऊन विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात, आषाढी पौर्णिमेला पण, आणि तिच्या दुसऱ्या दिवसापासून तिकडचा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू होतो. पण शांतपणे पद्धत शिकायची असेल तर हे दिवस सोडून जा, शिक्षकांना तुमच्यासाठी वेळ जास्त मिळतो.

कपडे आणि सोबत काय

खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, पुरुषांचे पण, हाफ पँट चालत नाही. सैल सुती पँट किंवा सलवार सगळ्यात बेस्ट, जीन्स घालून मांडी घालून बसलात तर वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात. पांढरं किंवा फिकट असलं तर छान, एका दिवसासाठी येणाऱ्यावर पांढऱ्याची सक्ती नसते. चपला अशा घाला की पटकन काढता-घालता येतील कारण चालण्याचं ध्यान अनवाणी असतं. पाण्याची बाटली, एक पातळ शाल किंवा ओढणी. पोट भरून जेवून जाऊ नका, ही पद्धत पोटाच्या हालचालीवर आहे आणि भरलेलं पोट जाणवायला जड जातं, शिवाय झोप. फोन सायलेंटवर नको, बंदच करा.

आत गेल्यावर

आवार मोठं आहे, भिक्खूंची राहायची घरं वेगवेगळ्या गटांत विभागलेली आहेत, प्रत्येक गटाला "खणा" म्हणतात आणि नंबर असतो. ध्यानाचं केंद्र खणा पाच मध्ये आहे. गेटवर कुणालाही "विपत्सना, खणा हा" असं विचारा, थाईमध्ये हा म्हणजे पाच. हाताने दाखवतील, कुणी तर सोबत चालत आणून सोडतात.

वाटेत मुख्य उपोसथागार, म्हणजे भिक्खूंच्या विधींचं सभागृह, आणि त्याच्या भोवतीच्या ओवऱ्यांमध्ये रांगेने बसलेल्या बुद्धमूर्ती लागतात, तिथे जरूर पाच मिनिटं थांबा. दाराच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, हे आपल्याला घरूनच माहीत असतं. बसताना पायाचे तळवे मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करायचे नाहीत, पाय मागे दुमडून बसायचं. मूर्तीला टेकून फोटो नको, मूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर अजिबात नको.

महिलांसाठी एक महत्त्वाचं, थेरवाद, म्हणजे थायलंडमधल्या बौद्ध परंपरेत, भिक्खू स्त्रीला स्पर्श करत नाहीत आणि तिच्या हातून थेट वस्तू घेत नाहीत. काही द्यायचं असेल तर ते समोर एक कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. अरुंद जिन्यात समोरून भिक्खू आले तर थोडं बाजूला व्हायचं. यात अपमान वाटून घेऊ नका, तो त्यांचा विनय, म्हणजे संघाची शिस्त, आहे, नियम त्यांच्यावर आहे, आपण फक्त तो पाळायला मदत करतो.

नाव नोंदवायला रजिस्टर असेल तर तारखेपाशी गोंधळ होईल, तिथे बुद्धवर्ष लिहितात, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२५ चं २५६८. भिक्खूंना हात जोडून नमस्कार करा, भन्ते म्हटलं तरी कळतं, नाहीतर "फ्रा आचान".

सत्र सुरू होतं तेव्हा

आधी त्रिरत्न वंदना आणि शील. आणि इथे आपल्याकडच्या बौद्ध घरातल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं होतं. उच्चार थाई असतात, "फुत्थांग सरणांग खत्छामि" असं काहीतरी कानावर पडतं, पहिली ओळ कळत नाही, दुसऱ्या ओळीला लक्षात येतं की अरे हे तर त्रिसरण आहे, लहानपणापासून पाठ असलेलं. मोकळेपणाने सोबत म्हणा, तुमच्या उच्चारात म्हणा, कुणी टोकत नाही, उलट त्यांना फार आनंद होतो. एका दिवसाला पंचशील देतात, राहणाऱ्यांना अष्टशील. पाली येत नसेल तर नुसते हात जोडून बसा.

तीन वेळा वंदन करायचं असतं, दोन्ही गुडघे, दोन्ही हात कोपरापर्यंत आणि कपाळ जमिनीला टेकवून. काही शिक्षक हे वंदनच ध्यान म्हणून शिकवतात, हात मांडीवरून उचलताना लक्ष हातावर, छातीशी येताना लक्ष हातावर, कपाळाला लागला की तो स्पर्श, इतकं हळू की एका वंदनाला दोन-तीन मिनिटं जातात. पहिल्यांदा विचित्र वाटेल. करा तरीही.

मग चालणं. हा भाग नीट सांगते कारण इथेच बहुतेक नवीन लोक कंटाळतात आणि ती फार मोठी संधी हातची जाते. पाच-सहा पावलांची सरळ रेघ पकडायची. आधी नुसतं उभं राहायचं, पूर्ण शरीर उभं आहे हे जाणवून घ्यायचं, मनात "उभी आहे, उभी आहे, उभी आहे". हात पुढे किंवा मागे धरलेले, नजर चार-पाच फुटांवर जमिनीवर, पायाकडे बघायचं नाही. मग "उजवा पडतोय" म्हणत उजवं पाऊल, "डावा पडतोय" म्हणत डावं. शब्द आणि हालचाल एकदम सुरू, एकदम संपलं पाहिजे. शब्द आधी संपला आणि पाय हवेतच असेल तर लक्ष सुटलं. टोकाला गेलं की थांबायचं, परत उभं राहणं जाणवायचं, मग "वळतेय, वळतेय" करत थोडं थोडं वळायचं. हे जमलं की शिक्षक पाऊल तोडून देतात, उचललं, टेकवलं, मग उचललं, पुढे नेलं, टेकवलं, असं करत करत सहा टप्प्यांपर्यंत, टाच उचलणं, पाऊल उचलणं, पुढे नेणं, खाली आणणं, टेकणं, दाबणं. एका दिवसात सहापर्यंत जायची घाई करू नका, शिक्षक देतील तेवढाच टप्पा करा. मन लावून केलं तर एक गोष्ट दिसते, टाच उचलायच्या आधी एक इच्छा येते, बारीकशी, "आता उचलूया" अशी. पाय आपोआप चालत नाही, त्याच्या आधी मन हललेलं असतं. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

नोंद, म्हणजे मनात म्हणायचे हे शब्द, मराठीत करा, हे माझं ठाम मत आहे. शिक्षक इंग्रजीत राइजिंग, फॉलिंग म्हणून सांगतील, पण मनातल्या मनात इंग्रजी शब्द शोधायला गेलात तर तोवर क्षण निघून जातो. "फुगतंय", "बसतंय", "दुखतंय", "विचार, विचार", "ऐकतेय", एवढे शब्द पुरतात.

बसणं चालण्याएवढाच वेळ, पंधरा मिनिटं चाललात तर पंधरा मिनिटं बसायचं. उजवा पाय डाव्यावर, उजवा हात डाव्या तळव्यावर, पाठ सरळ पण ताठरलेली नाही. लक्ष पोटावर, बेंबीच्या थोडं वर. श्वास आत जाताना पोट फुगतं, बाहेर जाताना बसतं, तेवढं जाणायचं. श्वास मुद्दाम मोठा करायचा नाही. कळत नसेल तर सुरुवातीला तळहात पोटावर ठेवा. आवाज आला, बाहेरून बोटीचा भोंगा, शेजारच्याचा खोकला, तर "ऐकतेय, ऐकतेय" आणि परत पोटावर. विचार आला तर त्याला हाकलायचं नाही आणि त्याच्या मागे पण जायचं नाही, नोंद आणि परत. गुडघा दुखायला लागला तर लगेच पाय हलवू नका, आधी "दुखतंय, दुखतंय" करत त्या दुखण्याकडे बघा, बऱ्याचदा ते एका जागी राहत नाही, सरकतं, धडधडतं, कधी विरतं. अगदीच असह्य झालं तर "बदलायचंय" अशी नोंद करून हळू पाय बदला. मणक्याचा किंवा गुडघ्याचा खरा त्रास असेल तर सुरुवातीलाच सांगून खुर्ची मागा, त्यात कमीपणा काही नाही.

गोएंका गुरुजींचं शिबिर केलेल्यांसाठी

आपल्याकडे विपश्यना म्हटलं की इगतपुरी, आणि ते बरोबरच आहे. पण तिथून आलेला माणूस इथे गोंधळतो. दोन्ही परंपरा ब्रह्मदेशातूनच आल्या, ती सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून, ही महासी सयाडॉंकडून. तिथे आधी नाकपुड्यांपाशी आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं असतं, मनात शब्द म्हणायचा नाही. इथे आधार पोटाचा, शब्दाने नोंद करायची, आणि चालणं हा अर्धा अभ्यास. दोन्ही एकत्र मिसळू नका. इथे बसला आहात तेवढा वेळ इथलंच करा, आणि शिक्षकांना आधीच सांगून टाका की मी दुसऱ्या पद्धतीत बसलेली आहे, ते त्याप्रमाणे समजावतात. तुम्हाला तुमचीच पद्धत पुढे चालवायची असेल तर तसंही सांगा, कुणी बळजबरी करत नाही.

शेवटची प्रश्नोत्तरं सोडून उठू नका

सत्राच्या शेवटी शिक्षक विचारतात, कसं झालं. बरेच लोक इथे "खूप शांत वाटलं, थँक यू" म्हणतात आणि निघतात. असं करू नका. हीच वेळ आहे ज्यासाठी पुस्तक आणि यूट्यूब सोडून एवढं लांब आलात. जे झालं ते जसंच्या तसं सांगा, छोट्या वाक्यांत. "पोट फुगताना दिसत होतं, बसताना दिसत नव्हतं." "चालताना वळल्यावर लक्ष जायचं." "झोप येत होती, नोंद केली तरी गेली नाही." "रडू आलं, का ते माहीत नाही." अनात्म म्हणजे काय, निर्वाण कसं असतं हे विचारायची जागा ही नाही, तिथे फक्त आजचं पोट आणि आजचा पाय. तुम्ही जितकं नेमकं सांगाल तितकं नेमकं उत्तर मिळेल, म्हणजे झोप येत असेल तर बसायचं कमी करून चालायचं वाढवा, फार धडपड होत असेल तर उलटं. हे ऐकून दुसऱ्या दिवशी परत आलात की तेच पंधरा मिनिटांचं चालणं पूर्ण वेगळं होतं, म्हणून सुरुवातीला म्हटलं की दोन दिवस ठेवा.

दान आणि निघताना

पेटीत जमेल ते बाथ टाका, पाकिटात घालून दिलं तरी चालतं, पैसे भिक्खूंच्या हातात देऊ नका, पेटी किंवा ऑफिस. दुकानात पिवळ्या बादल्या मिळतात, त्यात साबण, टूथपेस्ट, चहा, औषधं असं भिक्खूंना लागणारं सामान भरलेलं असतं, त्याला संघदान म्हणतात. घेताना आतल्या वस्तू उपयोगाच्या आणि तारीख संपलेली नसलेल्या आहेत का ते बघा. किंवा सरळ विचारा काय लागतंय.

बाहेर था फ्रा चानच्या गल्लीत ताईत आणि छोट्या बुद्धमूर्तींचा प्रसिद्ध बाजार आहे, म्हाताऱ्या माणसांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे भिंग डोळ्याला लावून बघत असतात. गळ्यात घालायचा छोटा ताईत आणायला अडचण नाही, पण बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याची परवानगी लागते, दुकानदार काहीही सांगो. शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान शोधा, त्यात मांस, मासे, अंडं काही नसतं, कांदा-लसूण पण नसतो. विहारात मिळणारं जेवण शाकाहारी असेलच असं धरून चालू नका, थेरवाद भिक्खू दानात आलेलं घेतात.

राहून शिकायचं असेल तर

काही दिवस मुक्कामाची सोय असते, पण थेट बॅग घेऊन जाऊ नका, आधी जाऊन एक सत्र करा आणि तिथेच विचारा, जागा आहे का, किती दिवस घेतात, या आठवड्यात इंग्रजी बोलणारे शिक्षक आहेत का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण शिक्षकाशिवाय नुसतं राहून उपयोग नाही. पासपोर्टची कॉपी आणि पांढऱ्या कपड्यांचे दोन-तीन जोड लागतात, कपडे तिथल्या बाजारात मिळतात. अष्टशील म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही, पाणी, चहा, गाळलेला रस चालतो, डायबेटीस असेल किंवा वेळेवर खाऊन गोळी घ्यावी लागत असेल तर ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांना विचारूनच राहा. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर ती ध्यानासाठी बंद करू नका आणि शिक्षकांपासून लपवू पण नका. पहाटे लवकर उठावं लागतं, फोन ठेवून द्यावा लागतो, बोलणं कमीत कमी. परतीचं फ्लाइट शेवटच्या दिवशीच्या दुसऱ्या सकाळचं घेऊ नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा, कारण इतक्या संथ वेगातून बाहेर पडून थेट सुवर्णभूमी एअरपोर्टच्या गर्दीत जाणं फार त्रासाचं होतं.